कचरा कमी करणारा कायदा लिहायचाय? मग डस्टबिनपासून सुरुवात करू नका

कचऱ्याचा कायदा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर दोन रंगांचे डबे आणि दंडाचा बोर्ड येतो. मी एका मसुदा समितीत मदतनीस म्हणून बसायचो, तिथेही पहिला ड्राफ्ट असाच आला होता, चाळीस पानं आणि त्यातली तीस घरातल्या माणसाने काय करायचं यावर. मग कचरा वर्गीकरण केंद्र चालवणाऱ्या एक बाई आल्या, त्यांनी पिशवीतून ज्यूसची एक बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, हिचं मी काय करू ते सांगा. बाटली पेट प्लास्टिकची, अंगावर गळ्यापासून तळापर्यंत छापील पीव्हीसीची घट्ट स्लीव्ह, झाकण तिसऱ्याच प्लास्टिकचं. वर्गीकरणाच्या मशीनचा सेन्सर वरची स्लीव्ह वाचतो, आतली पेट त्याला दिसतच नाही, त्यामुळे बाटली भलत्याच ढिगात जाते, आणि पीव्हीसीचे थोडे तुकडे जरी पेटमध्ये राहिले तरी वितळवताना सगळा माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. "घरच्या माणसाने ही धुवून पुसून आरती ओवाळून डब्यात टाकली तरी माझ्याकडे ती कचराच आहे," असं म्हणून त्या खाली बसल्या.

त्या दिवसापासून मी प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारतो: हे कलम नक्की कुणाचा कोणता निर्णय बदलतंय? त्या बाटलीचं भवितव्य ठरलं ते स्लीव्ह निवडणाऱ्या माणसाच्या टेबलावर, आणि आमच्या चाळीस पानांत त्या माणसाचं नावही नव्हतं. खालच्या पायऱ्या शहराच्या उपविधीपासून देशाच्या कायद्यापर्यंत कुठेही चालतील, फक्त अधिकार कुणाकडे किती ते आधी तपासून घ्या, कारण शहराला बहुतेक ठिकाणी गोळा करण्याचे आणि शुल्क लावण्याचे अधिकार असतात, पण कंपनीने बाटली कशी बनवायची हे सांगायचे नसतात.

पायरी १: आधी मोजा, आणि कुठे मोजताय ते लिहून ठेवा

जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे २०१६ साली जगात सुमारे २०१ कोटी टन शहरी घनकचरा निघाला आणि २०५० पर्यंत तो ३४० कोटी टनांवर जाईल. हा आकडा भाषणाला छान आहे, कायदा लिहायला काही कामाचा नाही. तुम्हाला लागते ती तुमच्या भागातल्या कचऱ्याची प्रत्यक्ष फोड: वेगवेगळ्या वस्त्यांतून, वर्षातून निदान दोन वेगळ्या ऋतूंत पिशव्या उघडायच्या, ताडपत्रीवर पसरायच्या, अन्न, कागद, पुठ्ठा, काच, धातू, बाटल्या, पातळ फिल्म, कापड, डायपर, इलेक्ट्रॉनिक असे ढीग करायचे आणि प्रत्येक ढीग तोलायचा. आणि वर्गीकरण केंद्रातून बाहेर फेकला जाणारा रिजेक्टचा ढीग वेगळा बघायचा. खरी माहिती त्या ढिगात असते, कारण लोकांनी नीट वेगळं करून दिलं आणि तरीही ज्याचं काही होऊ शकलं नाही असं सगळं तिथेच पडलेलं असतं.

वजनाबरोबर नगही मोजा. नुसत्या वजनावर टार्गेट ठेवलं की सगळे काच आणि पुठ्ठ्यामागे धावतात, कारण ते जड, आणि शॅशे नि फिल्म हलकी म्हणून कुणाच्या हिशोबातच येत नाही.

मोजायची जागा हा वरवर किरकोळ वाटणारा मुद्दा आहे, पण आकडा फुगवायची सगळ्यात सोपी जागा तीच. गाडीत चढवला तो माल रीसायकल झाला असं धरलं तर टक्केवारी झकास दिसते, मग त्यातला तिसरा हिस्सा केंद्रातून परत डंपिंगला का जाईना. युरोपियन युनियनने २०१८ च्या सुधारणांमध्ये हे बदललं: आता वर्गीकरण होऊन जो माल खरोखर रीसायकलिंगच्या प्रक्रियेत आत जातो तोच मोजायचा. नवीन नियमाने काही देशांचे आकडे खाली येणार हे माहीत असूनही केलं. तुम्ही पहिल्या दिवसापासूनच असं मोजा, नंतर बदलायला गेलात तर "रीसायकलिंग घसरलं" अशा बातम्या येतात आणि मंत्री घाबरतात.

पायरी २: उतरंड नुसती प्रस्तावनेत नको

आधी कचरा होऊच न देणं, मग वस्तू पुन्हा वापरणं, मग रीसायकल, मग ऊर्जा वगैरे काढणं आणि शेवटी पुरणं, ही पाच पायऱ्यांची उतरंड युरोपच्या २००८ च्या निर्देशात आहे आणि तिथून जगभर कॉपी झालीय. प्रॉब्लेम असा की बहुतेक कायद्यांत ती पहिल्या पानावर येते आणि पुढच्या पानांवरचा पैसा बरोबर उलटा वाहतो, म्हणजे पुरणं सगळ्यात स्वस्त आणि दुरुस्ती सगळ्यात महाग.

ब्रिटनने १९९६ मध्ये लॅण्डफिल टॅक्स (कचरा पुरण्यावरचा कर) लावला तेव्हा तो टनाला ७ पौंड होता, कुणाला फारसा जाणवला नाही. नंतर सरकारने दरवर्षी इतका वाढणार असं आधीच जाहीर करून तो २०१४ पर्यंत ८० पौंडांवर नेला. आधी जाहीर केलं हेच महत्त्वाचं, कारण वर्गीकरणाची मशिनरी घेणाऱ्याला पाच वर्षांनी पुरणं किती महाग असेल हे आज कळलं तरच तो कर्ज काढतो. याची दुसरी बाजू पण सांगतो, टॅक्स वाढला तसे महागड्या कचऱ्याला मातीदगड दाखवून कमी दराने पुरणारे आणि रात्री शेतात ओतून जाणारे वाढले. त्यामुळे दर वाढवायचं कलम लिहिताना तपासणीच्या खर्चाचं कलम त्याच्याच शेजारी लिहा.

आणि जाळून वीज बनवण्याचा प्लांट करणार असाल तर करार स्वतः वाचा. वीस-पंचवीस वर्षं रोज इतके टन कचरा पुरवूच अशी हमी त्यात असली तर तुमचा कचरा कमी करायचा कायदा आणि तुमचाच करार एकमेकांच्या उरावर बसणार. कचरा कमी झाला म्हणून शहराने दंड भरायचा, असला प्रकार.

पायरी ३: व्याख्या (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, खरंच)

व्याख्यांचं पान बोअर असतं म्हणून कुणी वाचत नाही, फक्त कंपन्यांचे वकील वाचतात. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये तिथे पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदीचा कायदा झाला, २०१६ मध्ये लोकांनी मतदानाने तो कायम ठेवला. पण पुन्हा वापरता येईल अशी जाड पिशवी थोडे पैसे घेऊन द्यायला परवानगी होती. झालं, दुकानांनी तीच पिशवी जाड करून विकायला सुरुवात केली, लोक ती पण एकदाच वापरून फेकायला लागले, आणि वजनात मोजलं तर फेकलेल्या पिशव्यांचं प्लास्टिक कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. ही पळवाट बुजवायला २०२४ मध्ये नवीन कायदा करावा लागला आणि तो लागू झाला १ जानेवारी २०२६ पासून. म्हणजे एका व्याख्येपायी दहाएक वर्षं गेली. "पुन्हा वापरता येणारी" हे जाडीवरून ठरवायचं नसतं, ती पिशवी प्रत्यक्षात परत येते का, भरली जाते का, यावरून ठरवायचं असतं.

माझ्या मते चार शब्दांवर तरी घाम गाळायलाच हवा.

"उत्पादक" म्हणजे कोण? फॅक्टरी म्हणालात तर आयात करणारा सुटला, आयातदार म्हणालात तर ऑनलाईन मार्केटप्लेसवरून परदेशातला विक्रेता थेट ग्राहकाला पार्सल पाठवतो तो सुटला. त्यामुळे ज्याच्या ब्रँडने माल विकला जातो तो, आयात करतो तो, आणि यातला कुणीच देशात सापडत नसेल तर ती विक्री घडवून आणणारा प्लॅटफॉर्म, अशी रांग लावून द्या.

"रीसायकल करण्याजोगं" हा शब्द एकटा कधीच लिहू नका. लॅबमध्ये सगळंच रीसायकल होतं. ज्यूसचा खोका घ्या, त्यात कागद, पॉलिथिन आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करायची मशीन जगात आहेत, पण तुमच्या भागात नसेल तर त्या खोक्यावरचं हिरवं चिन्ह म्हणजे धूळफेक. व्याख्येतच लिहा की या भागात गोळा होतं, वर्गीकरण होतं आणि ठराविक प्रमाणात प्रत्यक्ष प्रक्रिया होते तेच रीसायकल करण्याजोगं.

"बायोडिग्रेडेबल" बद्दल तर बोलायलाच नको. किती दिवसांत, किती तापमानात, कशात? कंपोस्ट होणाऱ्या पॅकेजिंगचं युरोपियन मानक ईएन १३४३२ आहे, त्याप्रमाणे औद्योगिक कंपोस्टिंगच्या परिस्थितीत ६ महिन्यांत ९० टक्के विघटन व्हावं लागतं, आणि तसल्या प्लांटचं तापमान ५८ अंशांच्या आसपास असतं. समुद्रात किंवा गटारात असलं तापमान कोण देणार? मानकाचा नंबर आणि परिस्थिती लिहा, नाहीतर हा शब्द कायद्यातून काढूनच टाका.

चौथा शब्द म्हणजे खुद्द "कचरा". हा कुणाच्या डोक्यात येत नाही. एखादी वस्तू कायद्याने एकदा कचरा ठरली की तिची वाहतूक, साठवण, प्रक्रिया सगळ्याला परवाने लागतात. आता जुना फ्रिज घेऊन दुरुस्त करून विकणारा माणूस बघा, तो फ्रिज कचरा धरला तर त्या बिचाऱ्याला वर्कशॉप चालवायला कचरा प्रक्रियेचं लायसन्स काढायला लागेल, आणि तो धंदाच बंद करेल. म्हणून कचरा कधी होतो याबरोबर कचरा असणं कधी संपतं हेही लिहा. युरोपच्या कायद्यात याला वेगळं कलमच आहे. वस्तू दुरुस्तीसाठी किंवा पुन्हा विकायला दिली, तिची चाचणी झाली, कागद आहे, तर ती कचरा नाही, इतकं साधं वाक्य शेकडो दुरुस्तीवाल्यांना वाचवतं. पण चाचणीची अट मात्र ठेवाच, नाहीतर "सेकंडहँड माल" म्हणून मोडक्या टीव्हींचे कंटेनर दुसऱ्या देशात पाठवले जातात.

पायरी ४: कुठल्या निर्णयाला कुठलं हत्यार

सगळ्यावर बंदी घालायचा मोह होतो. बंदी चालते कधी, तर वस्तू साधी असते, पर्याय तयार असतो आणि नाक्यावर उभा असलेला माणूस डोळ्यांनी ओळखू शकतो तेव्हा. पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घालणारा पहिला देश बांगलादेश, २००२ मध्ये, आणि तिथे पिशव्या परत आल्या कारण अंमलबजावणी ढिली पडली आणि स्वस्त पर्याय नव्हता. रवांडाने २००८ मध्ये तीच बंदी घातली आणि सीमेवर, विमानतळावर बॅगा तपासून ती टिकवली. कायद्यातली वाक्यं जवळपास सारखी, फरक सगळा तपासणीचा.

ग्राहकाचा काउंटरवरचा निर्णय बदलायचा असेल तर छोटं पण डोळ्यांना दिसणारं शुल्क बंदीपेक्षा भारी पडतं. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये पिशवीमागे १५ सेंट लावले, आणि अट अशी की ते बिलावर वेगळे दिसलेच पाहिजेत, दुकानदाराने स्वतःच्या खिशातून भरायचे नाहीत. माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या होत्या त्या २१ वर आल्या. पुढे लोकांना १५ सेंटची सवय झाली, आकडा परत वर चढायला लागला, तेव्हा २००७ मध्ये २२ सेंट केले. कर किती यापेक्षा तो दिसतो का, हे इथे जास्त चाललं.

वस्तू परत हवी असेल तर डिपॉझिट, म्हणजे विकताना थोडे जादा पैसे घ्यायचे आणि रिकामी बाटली आणून दिली की ते परत करायचे. अमेरिकेत ओरेगॉनने १९७१ मध्येच बाटल्यांवर ५ सेंट डिपॉझिट लावलं. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बहुतेक बाटल्या-कॅनवर २५ सेंट आहे. नॉर्वेची पद्धत मला सगळ्यात आवडते: तिथे पेयाच्या पॅकेजिंगवर पर्यावरण कर आहे, पण जितकी जास्त पॅकेजिंग परत येतात तितका तो कमी होतो आणि ९५ टक्के परत आली की हा कर शून्य. म्हणजे आता बाटली परत यावी ही कंपनीचीच गरज झाली, सरकारने मागे लागायची गरज नाही. फक्त डिपॉझिट लिहिताना तीन गोष्टी विसरू नका: ग्राहकांनी परत न मागितलेलं डिपॉझिट कुणाच्या खिशात जाणार (कंपनीच्या गेलं तर बाटल्या परत न येण्यात तिचा फायदा, मग बसा बोंबलत), बाटल्या परत घेणाऱ्या दुकानदाराला हाताळणीचे पैसे कोण देणार, आणि काच यात आहे की नाही. स्कॉटलंडची योजना २०२३ मध्ये काचेच्या वादातच अडकली, ब्रिटनच्या केंद्र सरकारने काच वगळा म्हणून अट घातली आणि सगळं लांबणीवर पडलं, कंपन्यांनी तोवर खर्च करून ठेवला होता.

घरातला कचरा कमी करायचा तर जितका टाकाल तितकं भरा. दक्षिण कोरियाने १९९५ पासून देशभर हे केलं, ठराविक पिशव्या विकत घ्यायच्या आणि कचरा त्यातच द्यायचा, रीसायकलचं मात्र फुकट. २०१३ पासून अन्नाच्या कचऱ्याचेही प्रमाणानुसार पैसे, कित्येक सोसायट्यांत डब्याला कार्ड दाखवलं की झाकण उघडतं, वजन होतं, बिल येतं. पण आधी रीसायकलचं गोळा करायची सोय आणि मगच पिशवीला पैसे, हा क्रम उलटा केलात तर लोक कोपऱ्यावर नेऊन टाकणार, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

आता स्लीव्ह निवडणारा तो माणूस. त्याच्यासाठी डिझाईनचं कलम लागतं. आमच्या मसुद्यात आधी असं होतं:

"उत्पादकांनी शक्य असेल तिथे पर्यावरणपूरक वेष्टन वापरण्याचा प्रयत्न करावा."

वाचायला गोड आहे. पण शक्य आहे की नाही हे कोण ठरवणार, पर्यावरणपूरक म्हणजे काय, प्रयत्न केला हे सिद्ध कसं करायचं, आणि नाही केला तर? या वाक्याने एकाही माणसाचा एकही निर्णय बदलत नाही. ते खोडून असं लिहिलं:

"हा नियम लागू झाल्यापासून १८ महिन्यांनंतर रंगीत पेट बाटली किंवा पीव्हीसी असलेली वेष्टनं व लेबलं वापरलेलं पेय कोणीही उत्पादक बाजारात आणणार नाही. तपासणी परिशिष्ट २ मधल्या चाचणीने होईल. उल्लंघन झालेल्या प्रत्येक टनामागे परिशिष्ट ३ प्रमाणे रक्कम वसूल होईल आणि माल परत घेण्याचा खर्च उत्पादकाचा राहील."

कोण, काय, कधीपासून, कसं तपासणार, नाही केलं तर काय, सगळं तीन वाक्यांत. आणि हे काही हवेतलं नाही, कोरियाने डिसेंबर २०१९ पासून रंगीत पेट बाटल्या आणि पीव्हीसी पॅकेजिंगवर अशीच बंदी आणली. युरोपात फोन वगैरेंना यूएसबी-सी चार्जिंग २८ डिसेंबर २०२४ पासून सक्तीचं झालं तेही याच जातीचं कलम.

दुरुस्तीसाठी फ्रान्सकडे बघा. १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन असल्या वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे १० पैकी मार्क दुकानात दाखवणं तिथे सक्तीचं झालं (टीव्ही, वॉशिंग मशीनवर २०२५ पासून त्याच्या जागी टिकाऊपणाचे मार्क आले). उघडायला किती स्क्रू, सुटे भाग किती वर्षं मिळणार, किती किमतीला, मॅन्युअल मिळतं का, यावर मार्क. मॅन्युअल देणं फुकट पडतं म्हणून कंपन्या तिथे पूर्ण मार्क घेतात आणि महागडे पार्ट तसेच ठेवतात, असंही होतं, म्हणून पार्टच्या किमतीला जास्त वजन ठेवलेलं बरं. स्वीडनने २०१७ मध्ये सायकल, बूट, कपडे यांच्या दुरुस्तीवरचा व्हॅट २५ वरून १२ टक्के केला, २०२२ मध्ये ६ केला आणि २०२३ मध्ये परत २५. अशी धरसोड केली की कोण दुरुस्तीचं दुकान टाकणार सांगा.

आणि सरकारी खरेदी विसरू नका, शाळांची बाकं, ऑफिसचे कॉम्प्युटर, रस्त्यातली खडी. टेंडरमध्ये पुन्हा वापरलेल्या मालाला टक्केवारी लिहिली की बाजार आपोआप उभा राहतो, फार बोलायचं कारण नाही.

पायरी ५: उत्पादकाची वाढीव जबाबदारी, म्हणजे इपीआर

ही कल्पना स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडली, जर्मनीने १९९१ मध्ये पॅकेजिंगवर पहिला मोठा वटहुकूम काढला आणि आता अर्धं जग ते करतंय. साधा अर्थ: जो वस्तू बाजारात आणतो तो ती संपल्यावरचा खर्चही उचलतो. मूळ हेतू पैसे गोळा करणं नव्हता हं, डिझाईन बदलावं हा होता, आणि इथेच बहुतेक कायदे घसरतात. सगळ्यांना टनामागे सारखीच फी लावली तर चांगली बाटली आणि ती स्लीव्हवाली बाटली एकाच भावात, मग बदलेल कोण? फीमध्ये फरक ठेवा, आणि फरक इतका ठेवा की कंपनीच्या खरेदी विभागाला तो दिसला पाहिजे, नावापुरते दोन-तीन टक्के नकोत.

जर्मनीला पहिल्या पंचवीस वर्षांत फुकट्यांनी छळलं. बाजारात पॅकेजिंग एवढं, फी भरलेली त्याहून बरीच कमी. मग २०१९ पासून एक सार्वजनिक रजिस्टर सुरू केलं, त्यात नाव नाही तर माल विकता येत नाही, आणि कोणीही ऑनलाईन बघू शकतं की कोण नोंदलंय. स्पर्धकच एकमेकांवर नजर ठेवतात, इन्स्पेक्टरपेक्षा ते जास्त चिकाटीचे. कायद्यात दुसरं काही जमलं नाही तरी हे रजिस्टर घाला.

सर्टिफिकेटच्या बाजारापासून मात्र सावध. कंपनीने रीसायकलरकडून इतके टन केल्याचं सर्टिफिकेट विकत घ्यायचं, अशी सोय कागदावर सुटसुटीत दिसते. भारतात प्लास्टिकसाठी २०२२ मध्ये हे सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखोंच्या संख्येने खोटी सर्टिफिकेटं सापडली, मोजक्या रीसायकलरनी काढलेली. म्हणून सर्टिफिकेट निघण्याआधी तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत असं लिहा: त्या प्लांटची क्षमता, त्याचं वीजबिल, आणि तयार मालाच्या विक्रीची पावती. मशीन दिवसाला पाच टन करणारं आणि सर्टिफिकेटं पन्नास टनांची, हे वीजबिल बघितल्याबरोबर कळतं, त्याला तज्ज्ञ लागत नाही.

पायरी ६: या कचऱ्यावर आधीच कुणाचं तरी घर चालतंय

कचरा वेचणारे, भंगारवाले, त्यांच्याकडून घेणारे, यांची साखळी कायद्याच्या आधीपासून आहे आणि बऱ्याच शहरांत रीसायकलिंगचा मोठा वाटा हेच लोक फुकटात उचलतात. नवीन कायदा आला, ठेकेदार आला, डब्यांना कुलपं लागली, की पहिले हे बाहेर. कोलंबियात वेचकांनी कोर्टात लढा दिला, २००३ पासून घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिले आणि २०१३ मध्ये बोगोटा शहराने त्यांना सेवेचे पैसे द्यायला सुरुवात केली, नुसत्या भंगाराच्या भावावर न सोडता. ब्राझीलच्या २०१० च्या कायद्यातही वेचकांच्या सहकारी संस्थांचा उल्लेख आहे.

मसुद्यात "असंघटित क्षेत्राचा समावेश करावा" एवढंच लिहून हात झटकू नका. वजनाच्या पावतीवर पैसे मिळण्याचा हक्क, वर्गीकरणाच्या जागेत प्रवेश, आणि नोंदणीला कमीत कमी कागदपत्रं, हे वेगवेगळं लिहा. आणि मसुदा त्यांच्या कुणाला तरी वाचून दाखवा, आमच्या त्या बाईंनी एका दुपारी जेवढ्या चुका काढल्या तेवढ्या कन्सल्टंटने सहा महिन्यांत काढल्या नव्हत्या.

पायरी ७: तारखा

इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. ब्राझीलने २०१० मध्ये ठरवलं की २०१४ पर्यंत सगळी उघडी डंपिंग बंद. छोट्या नगरपालिकांकडे ना पैसे ना जागा, २०१४ आलं गेलं, शेवटी २०२० च्या कायद्याने मुदत गावाच्या आकाराप्रमाणे २०२४ पर्यंत ढकलली. अमेरिकेतल्या व्हरमाँटने २०१२ मध्ये कायदा केला आणि अन्नाचा कचरा वेगळा करायची सक्ती २०१४ मध्ये फक्त वर्षाला १०४ टनांवर कचरा काढणाऱ्यांना, पुढच्या वर्षी ५२ टन, मग २६, मग १८, आणि घरांना थेट २०२० मध्ये. शिवाय सुरुवातीला ज्यांच्यापासून २० मैलांच्या आत प्रक्रिया केंद्र आहे त्यांनाच. म्हणजे मोठ्यांच्या कचऱ्यावर केंद्रं उभी राहिली, मग छोट्यांना बोलावलं.

पण टप्पे केले म्हणजे काम झालं असं समजू नका. २०२४ मध्ये अमेरिकेत अन्नाचा कचरा पुरायला-जाळायला बंदी घालणाऱ्या पहिल्या पाच राज्यांचा एक अभ्यास आला, त्यात पुरल्या-जाळल्या जाणाऱ्या कचऱ्यात मोजता येईल अशी घट फक्त मॅसॅच्युसेट्समध्ये दिसली, टप्पेवाल्या व्हरमाँटमध्ये नाही. कारणं काय दिली, तर प्रक्रिया केंद्रं जवळजवळ, नियम साधा आणि सूट कमी, आणि तपासणी खरोखर होते. यावरून मी एवढंच घेतो की टप्पे चार असले तरी नियम एका वाक्यात सांगता आला पाहिजे.

पायरी ८: दंड आणि तपासणीचा पैसा

दंडाची ठराविक रक्कम लिहिली की पाच वर्षांत ती चहापाण्याची होते. त्यापेक्षा सूत्र लिहा: जितके टन कमी पडले गुणिले नियम पाळायला जितका खर्च आला असता त्याच्या दीडपट, आणि दंड भरला तरी कमी पडलेले टन पुढच्या वर्षी करायचेच. नाहीतर दंड म्हणजे नुसती फी. उलट टोकही नको, केनियाने २०१७ च्या पिशवीबंदीत चार वर्षांपर्यंत तुरुंग आणि ४० लाख शिलिंगपर्यंत दंड ठेवला. मोठ्या उत्पादकाला ते ठीक, पण रस्त्यावरच्या विक्रेत्यालाही तेच कलम लावायचं म्हटलं की ते निवडक लोकांवर पडतं आणि चिरीमिरीला वाव मिळतो. शिक्षेची उतरंड ठेवा, आधी फॅक्टरी, मग घाऊक व्यापारी, सगळ्यात शेवटी दुकानदार.

तपासणीचा खर्च बजेटच्या कृपेवर नको, इपीआरच्या फीतला ठराविक हिस्सा कायद्यानेच त्यासाठी राखून ठेवा.

पायरी ९: हरकती नि सूचना

मसुदा प्रसिद्ध केला की पहिली तीन पत्रं येतात ती "आम्ही स्वेच्छेने करू" अशी. ठीक आहे म्हणा, आकडे आणि तारीख लिहून द्या म्हणा, बहुतेक वेळा पुढचं पत्र येत नाही. सूट मागणाऱ्याला सूट द्यायची तर ती किती काळासाठी हे त्याच ओळीत लिहा. आणि आलेली सगळी पत्रं ऑनलाईन टाका.

पायरी १०: कायद्याने स्वतःच जागं व्हावं

ओरेगॉनचं डिपॉझिट १९७१ पासून ५ सेंटच राहिलं, महागाईने त्याची किंमत उरली नाही आणि लोकांनी बाटल्या परत करणं कमी केलं. मग २०११ मध्ये त्यांनी कायद्यात एक अट घातली: परतीचं प्रमाण सलग दोन वर्षं ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर डिपॉझिट आपोआप १० सेंट होईल. नवीन विधेयक नाही, मतदान नाही. तसं झालंच, १ एप्रिल २०१७ ला डिपॉझिट दुप्पट झालं, आणि पुढे परतावा पुन्हा ८० च्या वर गेला.

तुमच्या प्रत्येक दराला, प्रत्येक टार्गेटला असा आकडा जोडा की तो चुकला तर पुढे काय होणार हे आजच ठरलेलं असेल. आकडे कोण जाहीर करणार आणि कुठल्या महिन्यात, तेही लिहा, कारण आकडाच आला नाही तर अट चालू कशी होणार. आमच्या मसुद्यात हे सगळं शेवटच्या परिशिष्टात होतं आणि छपाईच्या आदल्या आठवड्यात पानं कमी करायला म्हणून तेच पहिलं उडालं. तुम्ही ते मुख्य कायद्यात लिहा, दराच्या कलमाच्या लगेच खाली, त्याच नंबरात, म्हणजे एक काढायचं तर दुसरं पण काढावं लागेल.